ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे वाचन कसे सावरावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत पटसंख्या चांगली आहे. परंतु दिवाळी झाली की निम्मा वर्ग आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततो. चौथी-पाचवीतील बऱ्याच मुलांना साधा परिच्छेदही वाचता येत नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या काही तरुणांनी थोडा निधी जमवला आहे आणि त्यातून टॅब घ्यावेत, की तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेपर्यंत गाडी सुरू करावी, की आणखी काही करावे, अशी विचारणा त्यांनी केली आहे.

मराठवाड्यातील प्राथमिक शाळांबरोबर बरीच वर्षे काम करत असल्याने या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो. टॅब आणि गाडी हे दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल वर्षातील पाच महिने गावातच नसेल तर टॅब त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि गाडीत बसण्यासाठी ते दारात उभे नसते. याहून महत्त्वाचे असे की, मूल गावात असतानाच्या महिन्यांतही त्याच्यासमोर जे पुस्तक उघडले जाते ते त्याला वाचता येत नसते. आपल्या गावातील खरी उणीव या ठिकाणी आहे. मूल परतले की ‘इयत्ता चौथी’ या नावाखाली चौथीच्या पुस्तकापुढे बसवले जाते. ते नेमके कुठवर वाचू शकते हे कोणी तपासत नाही, कोठे लिहून ठेवत नाही आणि पुढच्या शिक्षकाला सांगतही नाही.

वर्षाचे गणित मांडून पाहावे. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. पहिला पंधरवडा पटनोंदणी, पुस्तकवाटप आणि गणवेशात जातो. त्यानंतर पोळा, गणपती, नवरात्र आणि सहामाही परीक्षा येते. तोवर मुकादमाची, म्हणजे ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, गाडी गावात येऊन उभी राहते. मूल एप्रिलमध्ये परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. ते तिला बसते आणि पुढच्या वर्गात जाते. म्हणजे कागदावर पूर्ण दिसणारे वर्ष प्रत्यक्षात साधारण चार महिन्यांचे असते. अशी चार वर्षे झाली की पाचवीच्या उंबरठ्यावरील मुलाच्या पदरात जेमतेम दीड वर्षाची शाळा पडलेली असते, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. अशा मुलाला वाचता आले नाही तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष काहीही नाही.

या अडचणीचे एक अंग केवळ स्थलांतरित मुलांपुरते मर्यादित नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, करोनाकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. याचा अर्थ वर्षभर गावात राहणारी मुलेही मोठ्या संख्येने वर्गाच्या मागे आहेत. फरक इतकाच की त्यांना पुढे कधीतरी सावरण्याची संधी मिळते. ऊसतोडीच्या मुलाची ती संधी दर दिवाळीला मोडते.

वाचता न येणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. चौथीतील एका मुलाने माझ्यासमोर पाठ्यपुस्तकातील पहिला परिच्छेद न अडखळता म्हणून दाखवला होता. मात्र त्याची नजर पानावर नव्हती, खिडकीकडे होती. वर्गात सामुदायिक वाचनात ऐकून ऐकून तो परिच्छेद त्याला पाठ झाला होता. त्याच परिच्छेदातील शब्द घेऊन मी वहीत दोन नवी वाक्ये लिहिली तेव्हा तो थांबला. ‘किती’ हा शब्द त्याने ‘कती’ असा वाचला, ‘घर’ला ‘धर’ म्हणाला आणि ‘गेली’पाशी ‘ग’ म्हणून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. म्हणजे त्याला बरीच अक्षरे येत होती, मात्रांचे नाते बसले नव्हते आणि घ-ध, ब-व, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत गोंधळ होता. या मुलाला मुळाक्षरांपासून पुन्हा गिरवायला लावणे जितके चूक, तितकेच त्याला चौथीचा धडा पुढे रेटणेही चूक. त्याला तीन-चार आठवडे मात्रांवर आणि छोट्या शब्दांवर काम हवे होते, बस्स.

म्हणून पहिले काम असे करावे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरी ते पाचवीतील प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून पाच मिनिटे वाचायला लावावे. एका कागदावर दहा अक्षरे, दहा साधे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट असली की पुरते. मूल ज्या पायरीवर सहज वाचते ती त्याची पातळी. ही चाचणी तोंडी आणि एकेकट्याने होणे आवश्यक आहे, कारण लेखी परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल आणि खरोखर वाचणारे मूल यांत फरक दिसत नाही. गावातील बारावी झालेली मुलगी थोड्या सरावाने ही चाचणी उत्तम घेऊ शकते.

त्यानंतर रोज दीड तास इयत्ता विसरून पातळीनुसार गट करावेत. अक्षरांवर अडकलेली तिसरीची आणि पाचवीची मुले एका गटात, शब्दांवर असलेली दुसऱ्या, परिच्छेदापर्यंत आलेली तिसऱ्या. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने ही पद्धत रूढ केली. तिच्यावर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक राज्यांत जे प्रयोग केले त्यांतील एक निष्कर्ष आपल्यासाठी फार उपयोगी आहे. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य देऊनही नेहमीच्या शालेय वेळेत फारसा फरक पडला नाही, कारण शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तक संपवण्याच्या मागे लागले. हरियाणात मात्र याच कामासाठी रोजच्या वेळापत्रकात स्वतंत्र तास राखला गेला आणि शाळांच्या समूहावर देखरेख करणारे अधिकारी तो तास होतो की नाही हे पाहत राहिले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. बिहारमधील तेच सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात हीच पद्धत वापरून मुलांना पुढे नेऊ शकले होते. सारांश, शिक्षकाला शिकवता येत नाही असे नाही. त्याला त्या कामासाठी वेळ आणि मोकळीक मिळत नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना आपण प्रशिक्षणाची नव्हे, तर या दीड तासाची मागणी करावी.

त्या दीड तासात काय करावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी घसरण येथेच होते. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सर्व अक्षरे आणि मगच बाराखडी, हा क्रम मुलाला महिनोन्‌महिने अर्थाविना ताटकळत ठेवतो. त्याऐवजी म, क, ल, र, न, प यांसारखी वारंवार येणारी चार-सहा अक्षरे आणि त्यांच्या जोडीला काना व दुसरी वेलांटी एवढेच आधी घ्यावे. एवढ्या भांडवलावर ‘काका’, ‘माला’, ‘नाक’, ‘काकी’, ‘मका’, ‘पानी’ असे कितीतरी शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्याच आठवड्यात आपण वाचतो आहोत असे वाटू लागते. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्यावी. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, त्यामुळे ‘कि’पाशी हमखास गडबड होते. जोडाक्षरांची घाई तर मुळीच करू नये.

वरच्या शब्दांत मी ‘पानी’ जाणूनबुजून घातला आहे. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल ‘पानी’ लिहिते तेव्हा ते ऐकलेला ध्वनी अचूक लिहीत असते. पहिल्या काही महिन्यांत त्याला लाल शाईने अडवू नये. वाचनाची सवय लागल्यावर छापील ‘पाणी’ त्याला वारंवार दिसते आणि लेखन हळूहळू आपोआप जागेवर येते. शुद्धलेखनाच्या भीतीने वही मिटून बसलेली मुले मी चुकीचे लिहिणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांच्या तोंडचा मजकूर. फडावरून, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावरून, परतलेल्या मुलांना त्या जगाची बारीकसारीक माहिती असते. दहा वर्षांची मुलगी उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) किती घेतली, आतापर्यंत किती फिटली, एका खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसाचे, किती कापले, हे न चुकता सांगते. अशाच एका गटात एका मुलीने सांगितले होते, ‘आमची कोपी पाचटाची हाय. पाऊस आला की आई भांडी लावती.’ कोपी म्हणजे झोपडी आणि पाचट म्हणजे उसाची वाळलेली पाने. शिक्षिकेने ही दोन वाक्ये तशीच्या तशी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावली. त्या आठवड्यात शब्दांच्या गटातील सर्व मुलांनी ती बोट ठेवून वाचली, त्यातला ‘पाऊस’ कापून वेगळा केला, ‘भांडी’वरून ‘दांडी’ आणि ‘मांडी’ तयार केले. मजकूर स्वतःचा असल्याने अंदाज बांधायला आधार मिळतो आणि पाठांतराची पळवाटही बंद होते, कारण शिक्षक शब्दांचा क्रम केव्हाही बदलू शकतो. याच्या जोडीला शिक्षकाने रोज एक गोष्ट पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या घरांत छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीला येतो, तेथील मुलाला पुस्तकात काही रंजक असते हे प्रथम कानांनी कळावे लागते.

मात्रांवर अडकलेले मूल या पद्धतीने दोन-तीन महिन्यांत परिच्छेद वाचू लागते, असा अनुभव आहे. अक्षरओळखच नसलेल्याला अधिक काळ लागतो. जून ते ऑक्टोबर हा काळ बहुतेक मुलांना एखादी पायरी चढवण्यास पुरेसा आहे, परंतु ती पायरी पुढच्या पाच महिन्यांत टिकवली नाही तर एप्रिलमध्ये मूल पुन्हा जवळपास जूनच्या जागी आलेले दिसते. म्हणून आता स्थलांतराकडे वळतो.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मुलाने गावात राहणे. त्यासाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. अनेक गावांत याचे प्रत्यक्ष रूप असे असते की मुले दोन्ही वेळा शाळेत जेवतात आणि झोपायला आजी किंवा चुलतीकडे जातात. त्यात गैर काही नाही. आजीलाही नातवंडांचे जेवण परवडत नसते, आणि बहुतेक वेळा मूल फडावर नेण्यामागचे खरे कारण तेवढेच असते. अडचण वेळेची आहे. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीला हलतात, तर मंजुरी आणि निधी पुष्कळदा त्यानंतर येतो. वसतिगृह सुरू होईल याची खात्री नसताना कोणतीही आई मूल मागे ठेवून जात नाही. येथे आपला निधी खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल : सप्टेंबरमध्येच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करून, समितीचा ठराव घेऊन प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि अनुदान येईपर्यंतच्या पहिल्या सहा आठवड्यांच्या शिधा-सरपणाची हमी आपण घ्यावी. ती हमी उचल घेतली जाण्यापूर्वी पालकांना तोंडावर सांगितली गेली पाहिजे. याशिवाय २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या पाचवीपासून पुढच्या मुला-मुलींसाठी आहे. तालुक्याला समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी करून ठेवावी.

मुलींबाबत वेगळा विचार करावा लागतो. अकरा-बारा वर्षांची मुलगी सोबत नेली जाते ती धाकट्याला सांभाळण्यासाठी, पाणी भरण्यासाठी आणि आई फडातून येईपर्यंत चूल पेटवण्यासाठी. तिच्या जिवावर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसभर फडात राबू शकते. दुसरीकडे तिला गावात एकटी ठेवण्याची धास्ती असते आणि त्या धास्तीतूनच लवकर लग्ने उरकली जातात. वसतिगृहात रात्री मुक्कामाला गावातीलच विश्वासाची बाई आहे हे पालकांना दिसले, तरच मुली मागे राहतात. नुसत्या प्रबोधनाच्या सभेने हे घडत नाही.

तरीही काही मुले जाणारच. त्यांच्याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमानुसार दाखल्याअभावी किंवा वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात त्यासाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे; मूळ शाळेने ते द्यावे आणि ज्या गावी टोळी उतरेल तेथील शाळेने त्यावर मुलाला बसवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. परंतु पुष्कळदा पत्रक पालकांच्या पेटीत राहते किंवा त्यावर केवळ नाव आणि इयत्ता असते. आपल्या शाळेपुरती एक सुधारणा आपण सहज करू शकता. पत्रकाच्या मागे मुलाची वाचनाची पातळी दोन ओळींत लिहावी, जसे की ‘शब्द वाचतो, पहिली वेलांटी व जोडाक्षरे बाकी’, आणि वर्गशिक्षकांचा फोन क्रमांक द्यावा. तेथील शिक्षकाला याने जे कळेल ते इयत्तेच्या आकड्याने कधीही कळणार नाही.

टोळी कोणत्या प्रकारची आहे हेही विचारून घ्यावे. बैलगाडीच्या टोळ्या साधारणपणे कारखान्याजवळच्या मोठ्या तळावर हंगामभर राहतात. त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेत घालणे शक्य असते. एकेकाळी साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळा, चालल्या त्या अशाच तळांवर. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र फड संपला की पुढच्या गावी हलतात आणि त्यांच्या मुलांचे नाव एका शाळेत टिकणे कठीण असते. कर्नाटकातील कारखान्यांवर जाणाऱ्यांपुढे तर कन्नड माध्यमाचा पेच असतो. म्हणून मर्यादित प्रयत्नांत आधी फिरत्या टोळ्यांची आणि कर्नाटकात जाणारी मुले वसतिगृहात राखावीत, असा प्राधान्यक्रम मी सुचवेन.

शाळा मुलाकडे जाण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद ठेवली. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले जेथे होती तेथेच शिकवणे नेले. वीटभट्ट्यांवरील भोंगाशाळाही त्याच वाटेच्या. माझ्या दृष्टीने दंडापेक्षा कुरणशाळेचा धडा अधिक कामाचा आहे, कारण पोटासाठी गाव सोडणाऱ्याला दंडाने गावात ठेवता येत नाही. फडावर गेलेल्या मुलांसाठी आपल्याला निदान एवढे करता येईल : प्रत्येकाच्या दप्तरात त्याच्या पातळीची आठ-दहा पातळ पुस्तके द्यावीत आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या संध्याकाळी वडिलांच्या फोनवर त्याच्याकडून एक पान वाचून घ्यावे. फोन त्याच्या शिक्षिकेचा किंवा त्याचा गट घेणाऱ्या गावच्या ताईचा असावा, अनोळखी स्वयंसेवकाचा नको. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठी बालपुस्तके पातळीनुसार मिळतात. ती छापून शिवून घेतली तर हरवल्याचे दुःखही होत नाही.

इंग्रजी माध्यमाबद्दल एवढेच की, ज्या भाषेत मूल बोलते तिचीच अक्षरे जुळत नसताना त्याला परक्या भाषेच्या वाचनाला लावणे म्हणजे अडचण दुप्पट करणे होय. शिवाय गाडीने दहा-पंधरा मुले तालुक्याला गेली की गावच्या शाळेचा पट घटतो, शिक्षकाचे पद धोक्यात येते आणि उरलेल्या, बहुधा सर्वांत गरीब मुलांचे नुकसान होते.

निधीची विभागणी मी अशी करेन. सर्वांत मोठा वाटा गावातील दोन शिकलेल्या महिलांच्या वर्षभराच्या मानधनासाठी ठेवावा. त्यांनी शिक्षकांसोबत दीड तासाचा गट घ्यावा, वसतिगृहात संध्याकाळी वाचन घ्यावे आणि फोन करावेत. दुसरा वाटा वसतिगृहाच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी आणि तिसरा, सर्वांत लहान, पुस्तकांसाठी. भिंतीचे रंगकाम, प्रवेशद्वार, देणगीदारांच्या नावाची पाटी यांवर यंदा काही खर्च करू नये. गावात त्याची मागणी पहिल्याच बैठकीत येईल. शिक्षकांना निवडणूक व जनगणनेची कामे लागतात तेव्हाही गट बंद पडू नये, यासाठीच त्या दोघी लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील किमान दोन आया असतील असे पाहावे, कारण सप्टेंबरच्या यादीत कोणाचे नाव खरे आणि कोणाचे भरीचे, हे त्याच सांगू शकतात. चाचणीची नोंद एका साध्या वहीत जून, ऑक्टोबर आणि एप्रिल अशी तीन वेळा करावी. पहिल्या वर्षी ऑक्टोबर आणि एप्रिलच्या रकान्यांत मागे राहिलेल्या आणि फडावर गेलेल्या मुलांमध्ये किती अंतर पडले ते पाहून दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या जागा वाढवाव्यात की फोनवरील वाचनाला अधिक वेळ द्यावा, हे ठरवता येईल.